बाभळीला दुबार पेरणी नसते

बाभळीची वाळलेली शेंग फोडली की आठ-दहा बिया निघतात. चपट्या, काळपट तपकिरी, गुळगुळीत. नखानं दाबून काही होत नाही. रात्रभर पाण्यात टाकल्या तरी सकाळी बहुतेक जशाच्या तशा तळाशी पडलेल्या सापडतात. एखाद-दुसरी मात्र फुगलेली असते, साल मऊ पडलेली, आकारानं जवळजवळ दुप्पट. झाड एकच, शेंगही एकच आणि भांड्यातलं पाणीही तेच. तरी एक बी पाणी पिते आणि तिच्या शेजारची पीत नाही. बियांपासून झाडं वाढवण्याच्या माझ्या नादात या भांड्यानं मला जेवढा विचार करायला लावला, तेवढा दुसऱ्या कशानं लावला नाही.

मी राहते अंबाजोगाईला. शेत बालाघाटच्या उतरणीवर आहे. वरचा भाग बरड, टिकाव मारला की वीतभर खाली मुरूम लागतो. खाली नाल्याच्या काठाला तेवढी थोडी काळी जमीन. काळीत सोयाबीन आणि तूर होते, बरडावर काही पेरून उपयोग नाही. म्हणून तो माळ मी झाडांसाठी राखला आणि ठरवलं की इथं लावायचं ते बियांपासून, आणि बी आणायची ती याच डोंगरातली. बाभूळ, हिवर, पळस, कडुनिंब, आपटा, बोर, सीताफळ. नर्सरीच्या यादीत यांतली अर्धी नावं नसतात.

बाभळीची बी लवकर उगवायची असेल तर त्याला सोपी रीत आहे. पाणी खळखळ उकळायचं, भांडं चुलीवरून खाली घ्यायचं आणि मगच त्यात बिया टाकायच्या. पाणी बियांच्या मानानं भरपूर हवं. चुलीवर ठेवून बिया शिजवायच्या नाहीत, त्यानं आतला गर्भच मरतो. झाकण ठेवून पाणी आपोआप निवू द्यायचं आणि रात्रभर तसंच राहू द्यायचं. सकाळी बहुतेक बिया टरारून फुगलेल्या असतात. ज्या वर तरंगतात त्या काढून टाकायच्या, कारण त्यांत बहुधा किड्यानं घर केलेलं असतं. उजेडात धरून बघितलं तर टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक दिसतं. फुगलेल्या बिया लगेच मातीत, त्यांच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल. आठवड्या-पंधरवड्यात कोंब वर येतो.

उकळत्या पाण्यानं होतं काय? शेंगेला बी जिथं चिकटलेली असते तिथं एक खूण राहते. त्या खुणेजवळ सालीवर एक बारीक ठिकाण असं असतं की उष्णता लागली की तेवढंच सैल होतं. बाकीची साल पाण्याचा थेंब आत घेत नाही, पण तेवढ्या जागेतून पाणी शिरतं आणि मग आतलं सगळं जागं होतं. माळावर हे काम उन्हाळा करतो. एप्रिल-मेमध्ये बरडावर अनवाणी चार पावलं चालून बघावं, म्हणजे वरच्या बोटभर मातीत बी काय सोसते ते कळेल. दुपारी भाजून काढणारी माती, पहाटे त्यामानानं गार, असं रोज. हे महिना-दोन महिने चाललं की काही बियांची ती जागा ढिली पडते. सगळ्यांची नाही. काहींची पुढच्या उन्हाळ्यात पडते, काहींची त्याच्याही पुढच्या.

दुसरी वाट शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातून जाते. चैत्र-वैशाखात बाभळीखाली शेंगांचा सडा पडतो तेव्हा शेळ्या तिथून हलत नाहीत. शेंगेचा गर त्यांना आवडतो. बी दातांतून निसटते आणि रात्री रवंथ करताना काही तोंडातून परत खाली पडते, काही लेंड्यांतून. आमच्याकडे उन्हाळ्यात धनगर येतात आणि शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवतात. मेंढ्या उठून पुढच्या रानात गेल्या की त्या जागेवर लेंड्यांत बियाच बिया असतात. ही गोष्ट जुन्या लोकांना चांगली ठाऊक आहे. वनखात्याच्या लोकांनीही पूर्वीपासून बाभळीची बी अशाच जागांवरून गोळा केली आहे, कारण ती भराभर उगवते. दर वर्षी आमच्या बाजूला येणाऱ्या एका म्हाताऱ्या धनगर बप्पांना मी बियांबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, “ताई, शेंगा कशाला फोडत बसता? सकाळच्या पारी वाड्यावर या, झाडून न्या लागंल तेवढी.” तेव्हापासून बाभूळ आणि हिवर या दोन्हींची बरीचशी बी मी त्यांच्या वाड्यावरून आणते. तिला उकळतं पाणी लागत नाही.

माझी मावसबहीण जर्मनीत म्युनिकजवळ राहते आणि तिलाही हाच नाद आहे. ती लार्च लावते. लार्च हे सूचिपर्णी झाड, पण देवदार-चीडसारखं बारा महिने हिरवं राहत नाही. शरद ऋतूत त्याच्या सुया सोन्यासारख्या पिवळ्या होतात आणि गळून जातात. हिवाळाभर झाड उघडं, वसंतात पुन्हा कोवळी हिरवी पालवी. आल्प्स आणि कार्पेथियन पर्वत हे युरोपातल्या लार्चचं घर. आपल्या देशातही सिक्कीमच्या उंचीवर लार्चची एक जात वाढते. तिनं फोटो पाठवले तेव्हा मला आमचा पळस आठवला, तोही पानं गाळून उघडा होतो आणि मग फुलतो. पण पळस पाण्याच्या ओढीनं पानं टाकतो आणि लार्च थंडीच्या धाकानं.

तिची रीत अशी. लार्चची इवलीशी पंखवाली बी ओलसर वाळूत मिसळायची, डब्यात भरायची आणि तीन-चार आठवडे फ्रीजमध्ये ठेवायची. म्हणजे बीला वाटतं हिवाळा होऊन गेला. मग बाहेर उबेला काढून पेरायची. मी तिला विचारलं, थंडी दिली नाही तर उगवतच नाही का? ती म्हणाली, “उगवते गं, बऱ्याच उगवतात. पण पुढं-मागं, रेंगाळत. थंडी दिली की सगळ्या एकदम येतात, तेच बरं पडतं.”

त्या ‘एकदम’वर मी बराच वेळ अडकले. उकळतं पाणी काय किंवा फ्रीज काय, दोन्ही माणसाच्या सोयीसाठी आहेत. रोपवाटिकेत एका वेळी शंभर पिशव्या भरल्या तर शंभरांत एका वेळी कोंब हवा, नाहीतर पाणी कुणाला घालायचं आणि किती दिवस, हेच कळत नाही. झाडाला मात्र एकदम उगवणं परवडत नाही. निदान मराठवाड्यात तरी नाही.

इथल्या शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. मृगात एखादा दमदार पाऊस पडतो, माती ओली होते, गंध सुटतो, मन राहवत नाही. तिफण निघते. मग आर्द्रा कोरडी जाते. दोन पानांवर आलेलं सोयाबीन दुपारी माना टाकतं, आठ-दहा दिवसांत करपून जातं. पुनर्वसूत पुन्हा पाऊस आला तर पुन्हा बियाणं, पुन्हा खत, उसनवारी आणि दुबार पेरणी. म्हणून कृषी खातं आणि परभणीचं विद्यापीठ दर वर्षी कळकळीनं सांगतं की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. हा सल्ला अगदी बरोबर आहे. पण पहिल्या पावसानंतर दुसरा कधी येईल हे कुणाच्याच हातात नसतं, आणि ज्याचं बियाणं एकदाच एकत्र मातीत जातं त्याला सगळं एकाच पावसावर लावावं लागतं.

बाभूळ तसं करत नाही. तिच्या खाली पडलेल्या बियांतल्या थोड्या यंदाच्या मृगात उगवतात. पाऊस टिकला तर त्या जगतात. खंड पडला आणि त्या मेल्या, तरी मातीत त्यांच्या कितीतरी बहिणी बंद सालीत तशाच असतात. पुढच्या वर्षी त्यांतल्या काही, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही. 2014 आणि 2015, पाठोपाठ दोन वर्षं इथं पावसानं दगा दिला. धनेगावच्या मांजरा धरणात पाणी उरलं नाही आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या दोन वर्षांत आमच्या माळावर जी बाभळीची रोपं उगवली ती बहुतेक गेली. 2016 चा पावसाळा चांगला झाला आणि त्याच जागांवर, कुणी नवी बी न टाकता, पुन्हा बाभळी उगवल्या. बाभळीला दुबार पेरणी करावी लागत नाही, ती तिनं आधीच करून ठेवलेली असते. तिबारसुद्धा.

हे लक्षात आल्यापासून माळावर थेट टोकायच्या बियांना मी सगळ्यांनाच उकळतं पाणी देत नाही. एका खड्ड्यात चार-पाच बिया टाकते, त्यांतल्या दोन फुगवलेल्या, बाकीच्या कोरड्या. यंदाच्या वाचल्या तर उत्तमच. नाही वाचल्या तर खड्डा रिकामा झालेला नसतो.

सगळ्याच झाडांना असं थांबता येत नाही. कडुनिंबाची बी बघा. ज्येष्ठ-आषाढात निंबोळ्या पिकून पिवळ्या होतात, साळुंक्या आणि बुलबुल त्यांवर तुटून पडतात. निंबोळीचा गर काढून, धुऊन, सावलीत सुकवून बी लगेच पेरली तर छान उगवते. तीच बी दोन-तीन महिने डब्यात ठेवली तर बहुतेक मेलेली असते. बाजारात पोत्यांनी येणाऱ्या निंबोळ्या अर्कासाठी चांगल्या, पेरायला नाहीत. किनवटच्या जंगलातल्या मोहाचंही तसंच, बी झाडाखाली पडल्यापासून काही आठवड्यांतच मातीत जायला हवी. ही झाडं आपली बी नेमकी पावसाच्या तोंडावर पिकवतात आणि त्याच पावसावर सगळं सोडून देतात.

मग ती दुष्काळात टिकतात कशी? याचं उत्तर जमिनीखाली आहे.

पळसाची पापडी वैशाखात वाऱ्यावर उडते. शेंडीला एकच चपटी बी, बाकी नुसता कागदी पंख. ती ताजी असताना पेरली की बारा-पंधरा दिवसांत उगवते आणि मग बघणाऱ्याची निराशा करते. वर दोन-चार पानं येतात आणि तेवढ्यावर गाडी थांबते. दिवाळीपर्यंत वीतभर वाढ नाही. उन्हाळ्यात ते वीतभरही वाळून जातं. लोक म्हणतात मेलं. मुरमात पहारीनं सावकाश उकरून बघितलं की कळतं, वर बोटभर जाडीचं सुद्धा काही नसताना खाली जाड, गाजराएवढं मूळ सरळ उतरलेलं असतं. पुढच्या पावसाळ्यात त्याच मुळातून नवा कोंब येतो, पुन्हा वाळतो, पुन्हा येतो. अजिंठ्याच्या डोंगरात आणि पलीकडे खानदेशात अंजनाची झाडं आहेत, त्यांचीही लहानपणची काही वर्षं अशीच जातात. मूळ ओलीपर्यंत पोचलं की मगच एका वर्षी कोंब वाळायचा थांबतो आणि झाड वर निघतं.

आता हेच झाड प्लॅस्टिकच्या पिशवीत वाढवलं तर? पिशवी वीतभर उंचीची. मूळ पंधरा-वीस दिवसांत तळाशी पोचतं, पुढं वाट नाही म्हणून वळतं आणि गोल गोल फिरत राहतं. वर्षभरानं रोप हातात घेतलं तर वर टुमदार, हिरवंगार, आणि खाली वेटोळं. ते वेटोळं तसंच खड्ड्यात गेलं तर मूळ सरळ खाली जायला फार वेळ लागतो, आणि बरडावर तेवढा वेळ मिळत नाही. पावसाळा संपला की वरच्या हातभर मातीतली ओल महिना-दीड महिन्यात उडते. टँकरनं पाणी घातलं तर ते रोप जगेल, पण उन्हाळ्यात जिथं माणसांना टँकर पुरत नाही तिथं झाडांना कुठून आणायचा?

म्हणून ज्यांचं मूळ खोल जाणारं आहे अशी झाडं जिथं उभी राहायची आहेत तिथंच टोकावीत, असं माझं ठाम मत झालं आहे. पळस, बाभूळ, हिवर, अंजन, बोर, सगळी यातच. वड, पिंपळ, उंबर यांची गोष्ट वेगळी. त्यांची राईपेक्षा बारीक बी पाखराच्या पोटातून जाऊन भिंतीच्या फटीत उगवते, पण उघड्या माळावर तिचा निभाव लागत नाही, तिथं रोपच बरं.

राज्यात 2016 ते 2019 या वर्षांत मोठमोठे वृक्षलागवडीचे कार्यक्रम झाले, शेवटच्या वर्षीचं उद्दिष्ट तर 33 कोटींचं होतं. त्यातून उत्साह आला, हे चांगलंच झालं. शाळाशाळांतून मुलांनी खड्डे खणले. मला एवढंच वाटतं की लावलेल्या रोपांबरोबर टोकलेल्या बियांचीही मोजदाद झाली असती तर मराठवाड्याच्या वाट्याला जास्त झाडं आली असती. बी टोकायला पहार, खुरपं आणि मूठभर बिया पुरतात. बीजगोळ्यांचं मात्र मला पटत नाही. गोळा उघड्यावर पडतो, पहिल्या सरीत कोंब येतो, आणि मूळ मुरमात शिरण्याआधी ऊन लागतं. बी मातीच्या आत हवी, तीही बोरीच्या काट्यांच्या आडोशाला.

काट्याचा आडोसा हा बाभळीचा दुसरा उपकार. आमच्या माळावर आता जे कडुनिंब उभे आहेत त्यांतले बरेचसे मी लावलेले नाहीत. बाभूळ पुरुषभर उंच झाली की पाखरं तिच्यावर बसायला लागतात. ती निंबोळी खाऊन आलेली असतात. बी खाली पडते, सावली असते, काटे असल्यामुळं शेळी तोंड घालत नाही, आणि कडुनिंब बाभळीच्या बुंध्याशी वर येतो. पुढं तो तिच्या डोक्यावरून जातो. माळावर हे आपोआप सुरू झालं तेव्हा मला फार आनंद झाला. तोपर्यंत प्रत्येक खड्डा मीच भरत होते.

बी कुठून घ्यायची याबद्दलही थोडं सांगायला हवं. सीताफळाचं उदाहरण सोपं आहे. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. धारूर घाटातली ती रानटी झाडं बिना पाण्याची, दगडांतून उगवलेली. दसऱ्या-दिवाळीत फळ खाऊन झालं की काळ्या बिया धुऊन ठेवल्या तर पुढच्या मृगापर्यंत छान टिकतात. या बीच्या आतला गर्भ अगदी लहान असतो, तो आतच वाढतो आणि मग कोंब बाहेर पडतो, म्हणून महिनाभर किंवा जास्तही वाट बघावी लागते. मी बी घेते ती दगडांतल्या झाडाची, मळ्यातल्या मोठ्या फळाच्या झाडाची नाही. ज्या आईनं दुष्काळ काढले आहेत तिचीच लेकरं माळावर हवीत. तेही एकाच झाडाची नको, लांब लांबच्या दहा-पंधरा झाडांची थोडी थोडी.

बाभळीतही मी रामकाठीची बी मुद्दाम शोधून जमवते. तिच्या फांद्या आडव्या न पसरता सरळ वर जातात, त्यामुळं बांधावर असली तरी पिकावर सावली फार पडत नाही. म्हणूनच शेतकऱ्यांनी ती बांधावर राखली. बैलगाडी, वखर, तिफण, सगळ्याला तिचं लाकूड लागायचं. आता बैलं गेली आणि बांध ट्रॅक्टरनं कोरले. केज-धारूरच्या रस्त्याला अजून काही जुन्या रामकाठ्या आहेत. त्यांच्या मालकांना विचारून शेंगा आणते. कुणी नाही म्हणत नाही. “आमच्या आजानं राखलेली हाय, न्या की,” म्हणतात आणि स्वतः काठीनं शेंगा पाडून देतात.

या वर्षी धावड्याला हात घालायचा आहे. चिवट लाकडाचं, डिंकाचं, पानं गळण्याआधी तांबूस होणारं हे झाड दगडाळ उतारावर सहज उभं राहतं, आणि तरी बियांपासून लावायला फार अवघड आहे. कारण त्याच्या फळांत बहुतेक बिया पोकळ असतात, वरून भरलेल्या दिसतात आणि आत काहीच नसतं. लार्चमध्येही पोकळ बियांचं प्रमाण मोठं असतं, असं मावसबहीण म्हणाली. ती मूठभर बिया ब्लेडनं मधोमध कापून बघते, आत पांढरा गर दिसला तर ते झाड नोंदवून ठेवते आणि पुढं त्याचीच बी घेते. धावड्याची बी फारच बारीक आहे, पण भिंग घेऊन करता येईल. किनवटच्या बाजूला धावडे भरपूर आहेत. तिकडच्या ओळखीच्या एका शिक्षकांनी निरनिराळ्या झाडांच्या बिया वेगवेगळ्या पाकिटांत, झाडावर खूण करून, पाठवायचं कबूल केलं आहे. पाकिटं आली की आधी कापून बघणार. ज्या झाडाची बी भरलेली निघेल तिची जास्त मागवून मृगाआधी माळाच्या वरच्या, सगळ्यांत दगडाळ पट्ट्यात दाट टोकायची, निम्मी भिजवून आणि निम्मी कोरडी.